मोबाईल खोटं बोलला नव्हता

आमच्या डेअरीच्या लॅबमध्ये मला ‘बंदर अधिकारी’ म्हणतात. बारामती एमआयडीसीत बंदर कुठलं आलं, असं कुणालाही वाटेल. पण सकाळच्या पाळीला पोचलो की हेल्मेट खुंटीला लावायच्या आधी मी मोबाईल काढतो आणि कोकण किनाऱ्याचं हवामान बघतो. वारा कुठल्या दिशेचा, किती जोराचा, लाट किती मीटर, समुद्र शांत की खवळलेला, मच्छीमारांना काही इशारा आहे का. एवढं झालं की मग पहिल्या टँकरच्या दुधाचा नमुना हातात घेतो.

सोबतचे लोक विचारून थकले. एक जण रोज म्हणायचा, “काय राव, तुमच्या सणसरच्या उसाला लाटा लागाय लागल्या का?” दुसरा त्याला सांगायचा, “आवो, त्यांनी बोट घेतली हाय. नीरा कालव्यात सोडणार हायत.” मी हसायचो, “सवय आहे” म्हणायचो आणि दुधाकडं वळायचो. दुसऱ्याच्या दुधातलं पाणी पकडणं हे माझं काम. माझ्या बोलण्यातलं कुणी पकडलं नाही.

ही सवय का लागली ते मी अकरा वर्षं कुणाला सांगितलं नाही, बायकोलाही नाही. गेल्या वर्षी सांगावं लागलं, आणि जिथं सांगायची सगळ्यात जास्त भीती होती तिथंच सांगावं लागलं. त्यामुळं आता कागदावर लिहायला काही वाटत नाही. उलट गेल्या वर्षापासून मला झोप चांगली लागते, हे बायकोच्याही लक्षात आलंय. तिला वाटतं, गोळी बदलली म्हणून.

माझी थोरली बहीण इंदापूरच्या पुढं, उजनी धरणाचा फुगवटा जिथं पसरलाय तिथल्या काठावरच्या एका गावात दिलेली आहे. दाजींची होडी होती. डिझेलचं इंजिन लावलेली, रुंद पोटाची. पलीकडं करमाळा तालुका. रस्त्यानं जायचं तर अर्धा दिवस वळसा घालावा लागतो, होडीनं अर्धा तास. माणसं, मोटारसायकली, दुधाचे कॅन, कधी लग्नाचं वऱ्हाड, सगळं दाजी इकडचं तिकडं करायचे.

दोन्ही काठांच्या घाटांवर एकेक बाभळ होती आणि बाभळीच्या फांदीला दाजींनी एकेक चिंधी बांधलेली होती. बहिणीच्या जुन्या साडीचा काठ फाडून केलेली. ती चिंधी म्हणजे त्यांचं हवामान खातं. चिंधी आडवी झाली की होडी सोडायची नाही. “मग आमदार येऊ दे न्हायतर यमदूत,” असं ते म्हणायचे. उन्हाळ्यात आणखी एक नियम होता. बारापर्यंत पाणी आपलं, बारानंतर वाऱ्याचं. दिवस कलला की परत आपलं.

त्या दिवशी मी पलीकडं एका लग्नाला गेलो होतो. वैशाखाचे दिवस. मी नुकताच पर्मनंट झालो होतो आणि मला दुसऱ्या पाळीला हजर व्हायचं होतं. जेवणं उरकून घाटावर आलो तेव्हा दीड वाजून गेला होता. होडीत दोन मोटारसायकली आधीच चढवलेल्या होत्या, आणखी पाच-सहा माणसं बाभळीखाली बसलेली होती. दाजी मात्र वर बघत होते. चिंधी आडवी नव्हती. सरळ खाली लोंबत होती, मेल्यासारखी. झाडाचं पान हलत नव्हतं.

मी म्हणालो, “दाजी, चला की. चिंधी तर लोंबतीय.”

“तेच तर वाईट हाय,” ते म्हणाले. “दुपारच्याला वारा एवढा पडला म्हंजे कुठंतरी दम धरून बसलाय. दिवस कलू द्या पाव्हणं, मग सोडतो.”

“तोपर्यंत माझा खाडा पडंल.”

“पडू द्या एक खाडा.”

तेव्हा मी नवाच टच स्क्रीनचा मोबाईल घेतला होता. त्या घाटावरच्या माणसांत तसला मोबाईल फक्त माझ्याकडं होता. मी तो खिशातून काढला, त्यांच्यापुढं धरला आणि म्हणालो, “मी बघितलंय ह्याच्यावर. संध्याकाळपर्यंत वारा नाही, काही नाही. सरकारी हवामान आहे हे.”

मी काहीही बघितलं नव्हतं. घाटावर नाही, घरून निघतानाही नाही. हवामान कुठं बघतात हेसुद्धा मला तेव्हा माहीत नव्हतं.

दाजींनी एकदा मोबाईलकडं बघितलं, एकदा चिंधीकडं. मग होडी सोडली.

निम्म्यावर असताना वारा आला. आला म्हणजे पश्चिमेकडून धुळीची भिंतच चालत आली. धरणाचं पाणी आखूड लाटांचं असतं. एक लाट जायच्या आत दुसरी अंगावर येते. होडीत पाणी भरलं, एक मोटारसायकल घसरून पाण्यात गेली, तिच्यामागं कॅन गेले. माणसं ओरडत होती. मी खाली बसून लाकडाची पट्टी दोन्ही हातांनी धरली होती. दाजी मात्र उभे राहून होडीचं तोंड वाऱ्याकडं धरून होते. शेवटी जाळी टाकायला गेलेल्या दोन होड्यांनी आम्हाला दोर टाकून उथळाला ओढून नेलं. सगळे जिवंत राहिले. कुणाला खरचटण्यापलीकडं काही झालं नाही. हे मी पुढं अकरा वर्षं स्वतःला सांगत आलो, की कुणाला काही झालं नाही.

माझा खाडा पडायचा तो पडलाच.

घाटावर चहाची एक टपरी आहे. तिथं दुसऱ्या दिवशी ठरलं की दाजी प्यायले होते. चिंधीवर होडी चालवणारा माणूस भर दुपारी होडी सोडतो म्हणजे प्यायलेलाच असणार, असा हिशोब. दाजींना दारूचा वासही सहन होत नाही. मी तिथंच बाकावर बसलेलो होतो. चहाचा कप तोंडाला लावला आणि गप्प बसलो. दाजी आता सांगतील, की पाव्हण्यानं मोबाईलवर बघून सांगितलं; त्यांनी सांगितलं की आपण हो म्हणायचं, असं मी मनाशी ठरवलं होतं. त्यांनी सांगितलंच नाही. मग मी पण काही बोललो नाही.

होडीवाल्यावरचा विश्वास एकदा उडाला की त्याची होडी रिकामीच जाते. “त्यो वाऱ्यात घालतो,” एवढं लोक म्हणाले की संपलं. पावसाळ्याच्या आत त्यांनी होडी विकली. पाण्याशिवाय त्यांना दुसरं काही येत नव्हतं. एका मासळीच्या व्यापाऱ्याच्या ओळखीनं ते रत्नागिरीकडं गेले आणि समुद्रावर जाणाऱ्या बोटीवर खलाशी म्हणून लागले. चाळिशी ओलांडलेला घाटावरचा माणूस. तिकडची पोरं त्यांना सुरुवातीला ‘घाटी’ म्हणूनच हाक मारायची, असं बहिणीनं सांगितलं होतं.

ते गेले त्याच आठवड्यात मी कुणाला तरी विचारून मोबाईलवर समुद्राचं हवामान कसं बघायचं ते शिकून घेतलं. जे एकदा बघायला हवं होतं ते मग रोज बघत राहिलो. मी समुद्र कधी पाहिलेला नाही. पण कुठल्या दिवशी तिथं किती मीटरची लाट होती ते मला विचारा. जून-जुलै हे दोन महिने मासेमारी बंद असते, तेव्हा दाजी घरी यायचे. तेवढे दोन महिने मी हवामान बघायचो नाही आणि बहिणीकडंही जायचो नाही. राखीपौर्णिमेला जायचो. तोवर ते परत गेलेले असत. तीच नारळी पौर्णिमा. तिकडं ते दर्याला नारळ देत असायचे आणि इकडं मी त्यांच्या घरात पाटावर बसून बहिणीपुढं हात धरलेला असायचा.

गेल्या वर्षी दसरा होऊन गेला होता. सकाळी लॅबमध्ये मोबाईल उघडला तर पट्टी लाल. अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा, किनाऱ्याजवळ सोसाट्याचा वारा, समुद्र खवळलेला ते अतिशय खवळलेला, मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये, गेलेल्यांनी ताबडतोब किनारा गाठावा. असे इशारे मी पूर्वीही वाचले होते. दर वेळी बहिणीला काहीतरी निमित्त काढून फोन करायचो, ती “आले की माघारी” म्हणायची आणि मी सुटायचो. त्या दिवशी ती म्हणाली, “अजून दर्यातच हायत.”

मी अर्धी पाळी टाकून निघालो. सणसरला घरी थांबलो नाही. शेळगाव गेलं, इंदापूर गेलं. रस्त्यावर ऊन इतकं स्वच्छ होतं की उसाच्या पात्याची धार दिसावी. वारा नावाला नव्हता. हेच मला नको होतं.

बहीण ओसरीवर मक्याची कणसं सोलत बसली होती.

“आज कसा? पाळी न्हाय का?”

“दाजींचा फोन आला का परत?”

“मघाशी आला. अजून किनाऱ्याच्या टप्प्यात हायत, रेंज येतीया अधनंमधनं.” तिनं एक कणीस टाकलं, दुसरं घेतलं. “बाकीच्या बोटी फिरल्या म्हणं. ह्यांचं आपलं, एक जाळं टाकून मग बघू. आभाळ काचंवाणी हाय म्हणत्यात.”

“अगं, सरकारी इशारा आलाय. मोबाईलवर आलाय.”

“मोबाईलवर त्यांचा इस्वास न्हाय, ठावं हाय की तुला.”

मला ठाऊक नव्हतं. मी तसं म्हणालो.

“त्या दिशी मोबाईलनंच बुडवलं म्हणत्यात ते. कोण पाशिंजर व्हता म्हणं, त्यानं मोबाईलवर बघून सांगितलं, वारा न्हाय म्हणून. तवापासनं तिकडं बोटीवर बी पोरांनी मोबाईल दावला, की हे म्हणणार, ठेव ते, त्याच्या नादानं मी एक होडी घालवली हाय. आन बोट चालवणारा तांडेल हाय मालकाचा ल्योक, कालचं पोर. त्यो ह्यांच्या तोंडाकडं बघतो. हे थांब म्हणले की थांबला.”

मी विचारलं, “कोण पाशिंजर?”

“ते कधी सांगितलं न्हाय. मी लय येळा इचारलं.”

अकरा वर्षं मला वाटत होतं की माझं खोटं त्या एका दुपारी होऊन गेलं, संपलं, त्याचा परिणाम म्हणून त्यांची होडी गेली, वाईट झालं. ते अजून चालूच आहे, आज या घटकेला ते दाजींना समुद्रात थांबवून ठेवतंय, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

मी म्हणालो, “लाव फोन त्यांना.”

चार वेळा लागला नाही. पाचव्यांदा वाजला. इंजिनाची धडधड आणि त्यावरून दाजींचा आवाज. मी बहिणीच्या हातातून मोबाईल घेतला. आवाज नीट यावा म्हणून तिनं आधीच स्पीकर लावलेला होता. मी तो बंद केला नाही.

“दाजी, मी बोलतोय.”

“कोण, पाव्हणं? आज तितं कसं?”

“दाजी, त्या दिवशी मोबाईल खोटं बोलला नव्हता. मी बोललो. मी बघितलंच नव्हतं. खाडा पडू नये म्हणून तोंडाला आलं ते बोललो. आजचं मी बघितलंय. रोज बघतो. तुम्ही फिरा.”

तिकडं नुसती धडधड. मग ते म्हणाले, “काय म्हणला? पाव्हणं? आवाज...” आणि फोन तुटला. परत लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर.

बहिणीच्या हातात कणीस तसंच अर्धं सोललेलं होतं. ती माझ्याकडं बघत नव्हती.

“पाशिंजर तू व्हय,” ती म्हणाली.

“व्हय.”

“अकरा राख्या बांधल्या मी तुला.”

मी उठलो, चप्पल शोधायला लागलो. ती म्हणाली, “कुठं निघाला? बस हितंच. त्यांचा फोन येईपतूर हलायचं न्हाय. ऐकलं असंल तर बी माझ्यासंगं ऐक, न्हाय ऐकलं तर बी माझ्यासंगंच बस.”

मी बसलो. तीही सोलत राहिली. थोड्या वेळानं मीही कणसं सोलायला घेतली. ती नको म्हणाली नाही.

दोन दिवस मी त्या घरात होतो. संध्याकाळपासून किनाऱ्यावर वारा सुटला, हे आम्हाला मोबाईलवरच दिसत होतं. इथं उजनीचं पाणीही दुसऱ्या दिवशी गढूळ होऊन काठावर आपटत होतं. बोटमालकाच्या घरी फोन लावला तर तिकडची बाई म्हणाली, “आम्हीपण वाटच बघतोय वहिनी.” बहीण दोन्ही वेळा मला ताट वाढायची आणि आत निघून जायची. मी जेवायचो, ताट धुऊन ठेवायचो. ती मला काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, असं वाटायचं आणि बोलली नाही हेही बरंच, असं वाटायचं. एकच गोष्ट मी पुन्हा पुन्हा मनात घोळवत होतो. त्यांना माझं वाक्य कुठपर्यंत ऐकू गेलं? ‘मी बोललो’ एवढं गेलं आणि ‘फिरा’ गेलं नाही, असं झालं तर?

तिसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला अनोळखी नंबरवरून फोन आला. बहिणीनं उचलला, ऐकलं आणि ओसरीवर मटकन बसली. मला वाटलं, संपलं. मग तिचा आवाज आला, “जेवलात का पर? अंगावर कोरडं हाय का काय?” आणि मला कळलं.

ते जयगडच्या खाडीत होते. वारा चढायच्या आधी आत शिरले होते. दाजींचा मोबाईल भिजून बंद पडला होता म्हणून फोन नव्हता. बहिणीनं सगळं विचारून घेतलं आणि मोबाईल माझ्यापुढं धरला. “तुला द्याय सांगितलंय.”

“पाव्हणं,” दाजी म्हणाले, “येत्या मंगळवारी मी येतोय. घाटावर या. सकाळच्याला.” एवढंच बोलून त्यांनी ठेवून दिला.

त्या दुपारी बहिणीनं ताट वाढलं आणि आत गेली नाही. समोर बसली. भाकरी संपत आली तेव्हा म्हणाली, “अजून घे अर्धी.” दोन दिवसांत हे तिनं पहिल्यांदा विचारलं होतं. मला भूक नव्हती. मी एक पुरी भाकरी खाल्ली.

मंगळवारी सकाळी आठला मी घाटावर गेलो. दाजी आधीच पाण्याशी बसलेले होते. केस सगळे पांढरे, चेहरा तांब्यासारखा. अकरा वर्षांत मी त्यांना एवढ्या जवळून बघितलं नव्हतं. मी जाऊन शेजारी बसलो. काय बोलायचं ते रात्रभर जुळवलं होतं.

तेच म्हणाले, “रेंज न्हाय हितं. तवाबी नव्हती. पलीकडच्या घाटावर बी न्हाय.”

“म्हणजे तुम्हाला तेव्हाच कळलं होतं?”

“न्हाय ओ. मला वाटलं, शिकलेला माणूस हाय, घरनं बघून निघाला असंल.” त्यांनी एक खडा पाण्यात टाकला. “मी खरंच मानलं व्हतं तुमचं.”



मग त्यांनी स्वतःच समुद्राचं सांगितलं. “त्या दिशी तितं आभाळ निवळ व्हतं, वारा न्हाय. पर पाणी खालनं फुगून येत व्हतं. लांब लांब लाटा, संथ. तशी लाट आली की समजायचं, लांब कुठंतरी वारा होऊन गेलाय. तितला वारा आपल्याला दिसत न्हाय, त्याची लाट दोन-दोन दिसांनी येऊन पोचती. मला सगळं कळत व्हतं पाव्हणं. हातापायाला कळत व्हतं. पर मोबाईल फिरा म्हणतोय म्हणून मी थांबा म्हणत व्हतो. निस्ता हट्ट.”

“माझं बोलणं कळलं होतं तुम्हाला?”

“सगळं कळलं. शेवटचं तेवढं ऐकू आलं न्हाय. म्हणलं, असं हाय तर मग मोबाईलनं माझं काय घोडं मारलंय? फिरवा म्हणलं बोट.” त्यांनी पाय पाण्यात सोडले. “आन मला राग आला न्हाय असं समजू नका. दोन दिस खाडीत पडून व्हतो, तवा तुमाला अशा शिव्या दिल्या, तिकडच्या पोरांनी लिहून घेतल्या असत्या. कुणाला देताय म्हणले. म्हणलं, माझ्या सोयऱ्याला, दुसऱ्या कुणाला देतोय.”

“तुम्ही माझं नाव का नाही सांगितलं? ताईलासुद्धा नाही.”

“काय सांगू? होडी माझी, सुकाणू माझ्या हातात. पाशिंजरानं सांगितलं म्हणून सोडली, असं म्हणणारा होडीवाला असतो व्हय?” मग त्यांनी माझ्याकडं तोंड वळवलं. “पर पिला व्हता म्हणले, ते मला लागलं. तेवढं पुसा तुमी. जितं म्हणले तितं.”

टपरी वीस पावलांवर होती. आम्ही दोघं तिकडं गेलो. टपरीवाला तोच होता. बाकावर तिघंचौघं होते, त्यात एक आबा होते, त्या दिवशी होडीत होते ते. त्यांचीच मोटारसायकल बुडाली होती. मी उभ्यानंच बोललो. फार बोललो नाही. दाजी प्यायले नव्हते, ते थांबा म्हणत होते, मी मोबाईल दाखवून खोटं सांगितलं, आणि इथंच या बाकावर बसून तुमचं बोलणं ऐकून गप्प राहिलो. संपलं. चार वाक्यं. चार वाक्यांसाठी अकरा वर्षं लागली.

मग आबा म्हणाले, “म्हंजे माझी गाडी तुमी बुडवली.”

“होय आबा.”

“दर उन्हाळ्यात पाणी उतरलं की मी बघाय जातो. म्हणलं नंबर प्लेट तरी घावंल.” कुणीतरी फिसकन हसलं. “हसताय काय? हप्ता बाकी व्हता तवा!” आता सगळेच हसले. आबा हसले नाहीत. ते दाजींकडं वळले. “दारुडा मी बी म्हणलो व्हतो रं तुला. सगळ्यात आधी मीच म्हणलो असंन.”

“माझ्या ध्यानात हाय, आबा,” दाजी म्हणाले.

टपरीवाल्यानं चहा ओतला आणि पहिला कप दाजींच्या हातात दिला. दुसरा आबांना. माझा सगळ्यात शेवटी आला. पण आला.

चहा झाल्यावर दाजींनी खालच्या एका मासेमाराकडून होडी मागून घेतली. मला म्हणाले, “चला, पलीकडं जाऊन येऊ. बाराच्या आत येतो माघारी.” बाभळ अजून उभी होती, चिंधी केव्हाच गेलेली. त्यांनी खांद्यावरच्या पंच्याची कड दातात धरून फाडली आणि फांदीला बांधली. ती थोडी हलली, खाली आली, परत थोडी हलली. त्यांनी ती बराच वेळ बघितली.

मग होडीत पाय टाकता टाकता मला विचारलं, “मोबाईल काय म्हणतो?”

मी खिशातून मोबाईल काढला. खरंच बघितलं. वर धरून बघितलं, चार पावलं चढावर जाऊन बघितलं.

“रेंज नाही, दाजी. काही दिसत नाही.”

“मग बसा,” ते म्हणाले आणि इंजिनाला दोरी मारली.